'म्हणजे' दिसलं की रूपक: नववीच्या एका वर्गाचं प्रकरण

शाळा भांडुप पश्चिमेची, मराठी माध्यमाची, अनुदानित. वर्ग नववीचा. पटावरची निम्मी मुलं डोंगराच्या अंगाला असलेल्या चाळींमधून येतात. काहींच्या घरी मालवणी बोलतात, काहींच्या घरी मराठवाड्याकडची मराठी, आणि बऱ्याच जणांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी. मी या शाळेत शिकवत नाही. भाषेचे तास बघायला आणि शिक्षकांबरोबर बसून पाठ आखायला जाते. पहिल्या सत्राची घटक चाचणी झाल्यावर मराठीच्या बाईंनी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा शिक्षकखोलीत माझ्यापुढे ठेवला.

"पोरांना अलंकार तोंडपाठ आहेत हो," त्या म्हणाल्या. "पण कवितेत रूपक आलं की ओळखत नाहीत. आणि या वेळी जे लिहिलंय ते तुम्हीच बघा."

प्रश्न नेहमीचाच होता: वाक्यातला अलंकार ओळखा. बाईंनी फक्त एक सोय जास्त ठेवली होती, अलंकार नसेल तर 'नाही' असं लिहायचं. वाक्यं अशी:

त्रिकोण म्हणजे तीन बाजूंची बंदिस्त आकृती.
आमची आजी म्हणजे चालताबोलता दवाखाना.
बाबांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता.
मुंबई म्हणजे महाराष्ट्राची राजधानी.
निरोप देताना आईच्या डोळ्यांत श्रावण दाटला.

आजीचं वाक्य जवळजवळ सगळ्यांचं बरोबर. पण त्रिकोण आणि मुंबई या दोन्हींपुढेही पानामागून पानांवर 'रूपक' लिहिलेलं. कर्जाच्या डोंगरापुढे 'नाही'. श्रावणापुढे बहुतेकांनी 'नाही' लिहिलं होतं किंवा जागा कोरी सोडली होती. दोघातिघांनी 'अतिशयोक्ती' लिहिलं होतं, त्याकडे पुढे येते.

एका मुलीच्या पेपरवर मी बराच वेळ थांबले. अक्षर सुरेख, समास आखलेला. त्रिकोणाच्या वाक्यातल्या 'म्हणजे'खाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं: उपमेय – त्रिकोण, उपमान – आकृती, साम्यवाचक शब्द – म्हणजे, अलंकार – रूपक. चारही रकाने भरलेले. (उपमेय म्हणजे जिची तुलना करायची ती वस्तू, उपमान म्हणजे जिच्याशी करायची ती.) मुलीने काही वगळलं नव्हतं. तिला शिकवलेली पद्धत तिने पायरी न चुकवता वापरली होती आणि त्या पद्धतीने भूमितीची व्याख्या कविता ठरली होती.

चूक कुठून आली

हे कोडं सोडवायला फार खोल जावं लागलं नाही. वर्गातल्या बहुतेक मुलांकडे गाईड आहे आणि त्यात अलंकारांचा तक्ता आहे. सारखा, सम, समान, जसा, वाणी आलं की उपमा. जणू, गमे, भासे, वाटे आलं की उत्प्रेक्षा. म्हणजे, साक्षात, प्रत्यक्ष आलं की रूपक. परीक्षेच्या आदल्या रात्री हा तक्ता कामाला येतो यात वाद नाही. उपमेत तुलनेचा शब्द बहुधा उघड असतो, त्यामुळे तिथे तो साधारण चालूनही जातो. तिथेही तो फसतो ते वेगळंच. 'तुझ्यासारख्या मुलाने असं करावं?' यात 'सारख्या' आहे, उपमा नाही. 'आज पाऊस पडेल असं वाटतं' यात उत्प्रेक्षा नाही, हवामानाचा अंदाज आहे.

रूपकाच्या बाबतीत मात्र तक्त्याचा पायाच चुकीचा आहे. जिच्यातला भेद झाकला गेला आहे अशी उपमा म्हणजेच रूपक, अशी व्याख्या संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने आपल्या काव्यादर्शात केली आहे. तुलना सांगणारा शब्द गळून पडला, दोन वस्तूंमधलं अंतर मिटलं, तेव्हा रूपक झालं. जो अलंकार खुणेचा शब्द पुसल्यामुळे उभा राहतो, तो ओळखायला आपण मुलांच्या हाती खुणेच्या शब्दांची यादी देतो. मुलांनी मग 'म्हणजे' पकडलं यात त्यांचा काय दोष?

कर्जाच्या डोंगरात 'म्हणजे' नाही, 'चा' आहे. 'चा' तक्त्यात नाही. तेव्हा अलंकार नाही.

अलंकार हा शब्द न उच्चारता

बाईंचा पहिला विचार तक्ता सुधारून पुन्हा शिकवावा असा होता. 'चा-ची-चे' रूपकाच्या रकान्यात घालायचं, म्हणजे कर्जाचा डोंगर सापडेल. मी म्हटलं, मग 'शेजारच्यांचा कुत्रा'ही रूपक होईल. बाई हसल्या आणि तो बेत तिथेच बारगळला.

आम्ही मम्मटाकडे वळलो. त्याचा काव्यप्रकाश हा काव्यशास्त्रावरचा अकराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ. नववीच्या पोरांना त्याचं काय, असं कुणालाही वाटेल. पण शब्दाचा अर्थ सरळ न घेता वळवून कधी घ्यायचा, म्हणजे लक्षणा कधी होते, याच्या त्याने दिलेल्या तीन अटी वर्गासाठीच लिहिल्यासारख्या आहेत. सरळ अर्थ अडला पाहिजे. वळवलेल्या अर्थाचा सरळ अर्थाशी काहीतरी संबंध असला पाहिजे. आणि असं वळण घ्यायला एकतर रूढी हवी, नाहीतर काही हेतू हवा. बाईंनी पाठ टाचणात हे मुलांच्या भाषेत उतरवलं:

जसंच्या तसं खरं मानलं तर वाक्य अडतं का?
अडलं, तर कुठल्या गोष्टीमुळे दोन्ही जुळतात?
सगळेच असं म्हणतात, की कुणी मुद्दाम म्हटलंय?

तासाला फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: माझं डोकं खाऊ नकोस. "हे खरं आहे का?" बाईंनी विचारलं. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी, "बाई, ह्याचं खाल्लं तर काय मिळणारच नाही," असं म्हणालं आणि पुढची दोन-तीन मिनिटं त्यात गेली. मग बाई म्हणाल्या, आपण न खाता काय काय खातो ते सांगा.

यादी थांबेना. मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या, भाव खातो, पैसे खाल्ले, गटांगळ्या खाल्ल्या, उन्हात उभं राहून हवा खाल्ली, कपाट जागा खातं, मोबाईल बॅटरी खातो, लोखंडाला गंज खातो. ठाण्याहून येणारा एक मुलगा म्हणाला, सकाळच्या गाडीत धक्के खाल्ले. एका मुलीने 'कच खाल्ली' सांगितलं आणि घरी भोजपुरी बोलणाऱ्या एका मुलाने लगेच विचारलं, "कच म्हणजे काय खातात, बाई?" मराठी घरांतल्या मुलांना हा प्रश्न कधीच पडला नव्हता. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मला हा मुलगा महत्त्वाचा वाटतो. बाईंच्या वहीत तो 'कच्चा' होता, मराठी तुटक म्हणून. पण पहिल्या प्रश्नाला, वाक्य कुठे अडतं या प्रश्नाला, तो आणि त्याच्यासारखी मुलं सगळ्यांच्या पुढे होती. ज्यांच्या कानावर मराठी जन्मापासून पडलीय त्यांना 'भाव खातो' अडतच नाही. रूढीने त्यावरून हात फिरवून ते गुळगुळीत केलंय. शाळेतून मराठी शिकलेल्या मुलाला ते अजून खडबडीत लागतं. 'दिमाग मत खा' हे त्याला घरून माहीत होतंच, त्यामुळे डोक्याचं वाक्य त्याला ओळखीचं होतं आणि कच मात्र अडली.

मग यादीची वर्गवारी. बाईंनी विचारलं, खाल्ल्यामुळे काय संपतं? जागा संपते, बॅटरी संपते, पैसे संपतात, लोखंड झिजतं. खाणाऱ्याने घेतलं, दुसऱ्याचं कमी झालं. पण मार खाल्ल्यावर मार संपत नाही आणि शिव्या खाणाऱ्याचं पोटही भरत नाही. इथे खाणं म्हणजे अंगावर घेणं, सोसणं. एकच क्रियापद आणि जुळणी दोन तऱ्हांची. 'भाव खातो' कुठल्या गटात घालायचं यावर वर्गात खरीखुरी भांडणं झाली. एक म्हणाला, तो स्वतःचा भाव वाढवून घेतो म्हणून पहिल्या गटात. दुसरी म्हणाली, मग आपला भाव कमी होतो का? त्याचा निकाल लागला नाही आणि बाईंनी लावलाही नाही, हे त्यांनी उत्तम केलं.

रोजच्या बोलण्यात अशी वळणं ठासून भरलेली असतात, आपण विचारही त्यांच्या आधाराने करतो, हे भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी 1980 मध्ये मांडलं तेव्हापासून भाषा शिकवणाऱ्यांना परिचित आहे. वेळ वाचवतो, घालवतो, खर्च करतो, जणू तो खिशातला पैसा. पण रूपकाचा पाठ मात्र आपण अजूनही मुखकमलापासूनच सुरू करतो.

कमळ, हार आणि तुंबई

मुखकमल पुढच्या तासाला आलंच, कारण ते अभ्यासात आहे. 'चेहरा आणि कमळ यांत काय जुळतं?' एक उत्तर असं आलं: "कमळ चिखलात उगवतं." वर्गात हशा. पण मुलाने चेष्टा केली नव्हती. कमळाविषयी त्याला ठामपणे माहीत असलेली गोष्ट हीच होती, विज्ञानाच्या तासाला आणि सुविचारांच्या फळ्यावर वाचलेली. फुललेलं कमळ पाण्यात कुणीच पाहिलं नव्हतं. काहींनी दिवाळीत दादरच्या फूलबाजारात लक्ष्मीपूजनासाठी मिळणाऱ्या मिटलेल्या कळ्या पाहिल्या होत्या. ज्या गुणावर रूपक उभं आहे तो गुण मुलांच्या अनुभवात नाही, आणि आपण त्यांच्याकडून 'साधारण धर्म – सौंदर्य, कोमलता' एवढं पाठ करून घेतो.

बाईंनी मग मुंबईचंच उदाहरण घेतलं, क्वीन्स नेकलेस, म्हणजे राणीचा हार, हे मरीन ड्राइव्हचं टोपणनाव. मोबाईलवर मरीन ड्राइव्हचे दोन फोटो, दिवसाचा आणि रात्रीचा, बाकांवरून फिरवले. ज्याचे काका टॅक्सी चालवतात तो मुलगा म्हणाला, "खालून जाताना नुसते दिवे दिसतात. वरून बघितलं तरच हार." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. हे रूपक रात्रीच खरं होतं आणि मलबार हिलच्या उंचीवरूनच खरं होतं. बघणारा कुठे उभा आहे यावर जुळणी अवलंबून असते, हे त्या मुलाने एका वाक्यात सांगून टाकलं. फळ्यावर दोन रकाने झाले: हारातलं काय रस्त्यावर आलं, काय आलं नाही. वळण आलं, ओळीने लुकलुकणं आलं. गळा आला नाही. "हार काढून कपाटात ठेवता येतो," एक मुलगी म्हणाली, "रस्ता नाही." काय आलं नाही हा रकाना कुठल्याही गाईडमध्ये नसतो. माझ्या मते तोच जास्त उपयोगाचा, कारण तो भरताना मुलांना दोन्ही वस्तूंकडे नीट बघावं लागतं.

'मुंबईची तुंबई झाली' हे कुणीतरी आणणार हे ठरलेलंच होतं. तीन प्रश्न लावले. अडतं का? अडतं. काय जुळतं? एका अक्षराचा फरक सोडून बाकी आवाज जुळतो, बस. बाईंनी तो शब्दांचा खेळ म्हणून बाजूला ठेवला. शहर पावसात तुंबतं हे खरं असलं तरी इथे एका वस्तूवर दुसरी वस्तू चढवलेली नाही.

चाचणीतलं राजधानीचं वाक्य पुन्हा काढलं तेव्हा मजा झाली. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे, वाक्य कुठेच अडत नाही, अलंकार नाही. यावर एकमत. मग पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आणि देशाची आर्थिक राजधानी?" देशाची राजधानी दिल्ली. तेव्हा हे वाक्य किंचित अडतं. पण वर्तमानपत्रं ते इतकं वापरतात की वाचताना अडत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रूढी. लोकल गाडीला 'जीवनवाहिनी' म्हणतात तेही याच घरातलं.

श्रावणाचा वाद

शिक्षकखोलीतला खरा वाद श्रावणावरून झाला. बाईंच्या उत्तरसूचीत तिथे रूपक होतं. दहावीला मराठी शिकवणारे ज्येष्ठ सर म्हणाले, "हे रूपक नव्हेच. उपमेय दाखवा मला. अश्रू कुठे आहेत वाक्यात?"

सरांचं बरोबर होतं. आपल्या परंपरेत रूपकाला उपमेय आणि उपमान दोन्ही समोर लागतात. कर्जही हवं, डोंगरही हवा. उपमेय पूर्ण नाहीसं होऊन उपमान एकटंच उरलं तर मम्मट त्याला अतिशयोक्तीच्या पहिल्या प्रकारात घालतो. उपमानाने उपमेय गिळून टाकलंय, असं तो म्हणतो. खाण्याच्या यादीत हेही बसलं असतं. शाळेतली अतिशयोक्ती मात्र फक्त फुगवून सांगण्यापुरती उरली आहे, आणि इंग्रजीच्या तासाला मेटाफरमध्ये दोन्ही प्रकार एकत्र येतात. बाईंनी उत्तरसूची करताना ती सवय नकळत मराठीत आली होती.

आणि ज्या दोघातिघांनी श्रावणापुढे 'अतिशयोक्ती' लिहिलं होतं? एकाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "डोळ्यात अख्खा महिना कसा मावणार, सर?" शास्त्राप्रमाणे उत्तर अचूक, कारण त्याचं स्वतःचं. सरांनी त्याला गुण द्यायला सांगितले. बाईंना ते पटेना. कारण चुकलंय तर गुण कसले? माझं मत सरांच्या बाजूचं आहे, पण वेगळ्या कारणासाठी. महिना डोळ्यात मावत नाही हे ज्याला दिसलं, त्याला वाक्य अडलेलं दिसलं. वर्गातल्या बाकीच्यांनी श्रावण वाचला आणि त्यांना काहीच अडलं नाही.

दिवाळीनंतर

दुसऱ्या सत्रात बाईंनी नवीन वाक्यांचा कागद दिला. व्याख्येला रूपक म्हणण्याचा प्रकार जवळपास थांबला होता. 'चा-ची-चे'ने जोडलेली रूपकं मुलं काढू लागली होती. पण आता उलटी पंचाईत झाली. 'पाऊस पडला' यावर एकाने रूपक लिहिलं, कारण पडायला पाऊस काही माणूस नाही. 'सूर्य बुडाला' तर बऱ्याच जणांनी धरलं. बाई धास्तावल्या. हे बोर्डाच्या परीक्षेत लिहिलं तर गुण जातील, ही भीती खोटी नाही. मला मात्र हे लक्षण चांगलं वाटलं. मूल पहिला प्रश्न विचारायला शिकलंय आणि तिसऱ्यापर्यंत अजून पोचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्रिकोणाला रूपक म्हणणाऱ्या वहीपेक्षा सूर्याला रूपक म्हणणारी वही मी केव्हाही पत्करेन.

स्वतः रूपक लिहायला सांगितलं तेव्हा निकाल फिकाच लागला. 'आई म्हणजे देवाचं रूप' इतक्या वह्यांत होतं की बाईंनी मोजणं सोडलं. शाळा म्हणजे मंदिर, गुरू म्हणजे दीप. निबंधासाठी पाठ केलेली ही वाक्यं अलंकारात आपोआप उतरतात आणि एका सत्रात ती धुऊन निघत नाहीत. डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलीने मात्र लिहिलं होतं: आमचा नळ पहाटेचा पाहुणा आहे, चहा न घेता जातो. बाईंनी तिला उभं करून विचारलं, काय जुळतं? "सगळ्या घराला उठवतो आणि थांब म्हटलं तरी थांबत नाही." काय जुळत नाही? तिने थोडा विचार केला. "पाहुण्यासाठी भांडणं होत नाहीत."

उपमेय, उपमान, साधारण धर्म हे रकाने बाईंनी त्यानंतर भरून घेतले. तिचे मिनिटाभरात भरले.

वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी बाई, सर आणि मी एकदा बसलो. बोर्डाच्या नमुन्यापासून शाळेला फार दूर जाता येणार नाही, तेव्हा 'अलंकार ओळखा' राहिला. त्यात फक्त उपमेय आणि उपमान दोन्ही दिसतात अशीच वाक्यं घ्यायची ठरलं, आणि प्रत्येक वेळी एक साधं, अलंकाराशिवायचं 'म्हणजे'चं वाक्य मुद्दाम टाकायचं. श्रावणासारखी वाक्यं तिथून काढून रसग्रहणाच्या प्रश्नात न्यायची. तिथे नाव विचारायचं नाही, डोळ्यांत काय दाटलं आणि श्रावणच का, एवढंच विचारायचं. सरांनी एक पुरवणी मागितली: त्या प्रश्नात 'अश्रू' हा शब्द आपण द्यायचा नाही, मुलांनी शोधायचा. बाईंनी तेही लिहून घेतलं. 'भाव खाणे' प्रश्नपत्रिकेत घ्यायचं की नाही यावर तिघांचं एकमत झालं नाही, म्हणून ते तोंडी परीक्षेला ठेवलंय.